विमानं धुणाऱ्यांची यादी

शनिवार, १८ ऑक्टोबर २००३. रक्कम पंचाहत्तर हजार डॉलर. हजर तिघं: आमच्या शेजारचे कर्नल, मी आणि माझी बायको. चौथा माणूस सेंट्रल व्हॅलीतल्या एका गावातून स्पीकर फोनवर होता. तो अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कर्नलच्या हाताखाली विमानं धूत असे.

जागा कर्नलचं स्वयंपाकघर, सनीव्हेल. आम्ही त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेऊन चार वर्षं झाली होती. ते एकटे राहत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग पडल्यामुळे त्यांना कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. आदल्या वर्षी त्यांच्या पाण्याच्या बिलातली चूक मी शोधून दिली होती, तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं की आकड्यांचं काही असलं की मला हाक मारायची. माझी बायको आणि मुलगी त्यांना कर्नलकाका म्हणत. त्याचा अर्थ आम्ही सांगितला तेव्हा ते म्हणाले, "हुद्दा आणि नातं एकदम? आमच्या हवाई दलात हे चाललं नसतं."

फोनवरचा माणूस मात्र त्यांना अजून कॅप्टनच म्हणत होता, कारण तेव्हा ते कॅप्टन होते.

"कॅप्टन, ऐकू येतंय का? की कानही गेले?"

"कान आहेत. तू बोल."

"वकीलबाई म्हणते, माझी सर्व्हिसची फाइल सरकारी गोदामाच्या आगीत जळाली. मी तिथे होतो हे सांगणारा कागदच नाही. तुमच्या वहीत माझं नाव असलं तर पंचाहत्तर हजार. नसलं तर मी म्हातारपणी गोष्टी रचतोय."

"तू तरुणपणीही रचायचास."

तो हसला आणि मग बराच वेळ खोकला. त्याला अन्ननलिकेचा कर्करोग होता. अणुचाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांना ठराविक कर्करोग झाले तर सरकार पंचाहत्तर हजार डॉलर देत असे. चाचणीच्या ढगातून आलेली विमानं जिथे धुतली गेली त्या तळावरचे लोकही त्या कायद्यात बसत. त्याला फक्त एवढं सिद्ध करायचं होतं की धुणाऱ्यांत तो होता. बायको वारलेली. तो मुलीच्या घरी राहत होता, मुलगी शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची. "मला नर्स ठेवायची आहे," तो म्हणाला. "नाहीतर ही पोरगी नोकरी सोडून माझ्या उशाशी बसेल. तिला तेच हवंय आणि मला तेच नकोय."

कर्नलनी टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला होता. त्यात त्यांच्या तेव्हाच्या नोंदवह्यांच्या कार्बन कॉपीची सात बाडं होती, पेन्सिलीने भरलेली. वकीलबाईंना त्याची टाइप केलेली स्वच्छ प्रत हवी होती. आणि कर्नलना स्वतःचं अक्षर वाचता येत नव्हतं म्हणून टाइप करणाऱ्यानेही नोटरीपुढे सही करून द्यायची होती, की मी मूळ कागदावरून जसंच्या तसं उतरवलं आहे.

"करशील?" कर्नलनी विचारलं.

"करतो," मी म्हटलं.

मी सांता क्लाऱ्यातल्या एका चिप कंपनीत होतो. चिपांचा कोणता लॉट कोणत्या मशिनवर कधी जाणार, मशिन बंद पडलं तर तो कुठे वळवायचा, हे ठरवण्याचं माझं काम. त्यामुळे त्या वह्या उघडल्यावर मला त्या परक्या वाटल्या नाहीत. कर्नल पायलट नव्हते. "मी उडवली नाहीत," ते म्हणाले. "मी वाटली."

वाळवंटात स्फोट झाला की त्याच्या ढगात काय काय आहे हे शास्त्रज्ञांना जाणून घ्यायचं असे. त्यासाठी विमानं ढगातून न्यायची. पंखांच्या टोकाला नळकांडी बसवलेली, त्यांत गाळणीचा कागद. विमान ढगातून गेलं की धूळ कागदावर बसे. खाली आल्यावर तो कागद लांब दांड्याच्या चिमट्याने काढायचा, शिशाच्या पेटीत घालायचा आणि दुसऱ्या विमानाने प्रयोगशाळेत धाडायचा. हे सगळं वेळेवर घडवून आणणं म्हणजे कर्नलचं काम. बारा विमानं ढगात पाठवायची तर अठरा तयार ठेवावी लागत. एकाचं इंजिन बिघडे, एखाद्या पायलटला सर्दी होई, वारा फिरला की स्फोटच पुढे ढकलला जाई आणि यादी पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक पायलटने आजवर किती किरण घेतले याची बेरीज चालू ठेवायची. मर्यादेजवळ आला की त्याला बसवायचं आणि नवा आणायचा.

"म्हणजे माणसं संपायची," मी म्हटलं.

"माणसं कधी संपत नाहीत. हवाई दल नवी पाठवतं. मर्यादा संपायची."

दर शनिवारी सकाळी नऊ ते बारा मी त्यांच्याकडे जाई. मी आकडा मोठ्याने वाचायचा, लॅपटॉपवर टाकायचा, पुन्हा वाचायचा. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच सांगत, "तो सात नाही, एक आहे. माझा एक वाकडा असतो." पायलटांच्या ओळी बघण्यासारख्या होत्या. ढगात शिरल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, मिनिटं, सेकंद, अंगावरच्या बिल्ल्याने मोजलेले किरण. एकाचाही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता.

दुसऱ्या शनिवारी मी विमानं धुणाऱ्यांच्या पानावर आलो. पाच नावं. तिसरं नाव फोनवरच्या माणसाचं. पुढे दोन चाचण्यांच्या पानांवरही तेच नाव, तोच सैनिक क्रमांक. म्हणजे हवा होता तो कागद मिळाला होता. मला खूप आनंद झाला, आणि मग शेवटच्या रकान्यातले आकडे दिसले.

"कर्नल, पाचही जणांपुढे एकच आकडा आहे."

"असेल."

"तिन्ही चाचण्यांत. दशांशापर्यंत तोच."

ते म्हणाले, "बिल्ले कमी असायचे. पायलटांना आधी. धुणाऱ्यांत एकाला लावायचा आणि त्याचा आकडा पाचांना लिहायचा."

"पण एक जण पंखाखाली उभा राहून घासणार, दुसरा लांबून नळी धरणार. दोघांना सारखं कसं येईल?"

"येणार नाहीच. पण यादीत रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची परवानगी नव्हती." मग म्हणाले, "तू आहे तसंच उतरव. दुरुस्त करू नकोस."

मी आहे तसंच उतरवलं. घरी येऊन बायकोला सांगताना मी त्यांच्यावर बरीच टीका केली. रकाना भरण्यासाठी आकडा लिहिणं माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःबद्दल बरंच चांगलं वाटत होतं.

सहा शनिवारांत काम संपलं. २९ नोव्हेंबरला एकशे बारा पानांची छापील प्रत तयार झाली. दोनदा तपासून चुका शून्य. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला, एका पानाचा. त्यात माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व. खाली वाक्य: हवाई दलाच्या अण्वस्त्र चाचण्यांसंबंधीची मूळ कागदपत्रं मी स्वतः हाताळली आहेत.

ते वाक्य वाचून मी कागद पालथा ठेवला.

माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं. बोटांचे ठसे दोनदा देऊन झाले होते, कंपनीची कागदपत्रं पूर्ण होती, फक्त नेम चेक बाकी होता. म्हणजे आमचं नाव कुठल्या तरी संगणकात घालून बघायचं की त्याला काही चिकटलंय का. कुणाचं तीन महिन्यांत होई, कुणाचं तीन वर्षांतही नाही. २००१च्या सप्टेंबरनंतर तो काळच असा होता की माणसं विमानतळावर मराठी पुस्तकसुद्धा पिशवीच्या तळाशी ठेवत. कामाच्या व्हिसाची सहा वर्षं संपत आली होती. मुलगी सातवीत होती आणि तिला पुणं म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी एवढंच माहीत होतं.

मराठी मंडळातल्या एका डॉक्टरकाकांना मी फोन केला. ते एकाहत्तर साली आलेले, सगळ्यांना सल्ला देत.

"कागद गुप्त आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कधीच खुले झालेत. कर्नलकडे तसं पत्र आहे."

"मग कायद्याने काही नाही. पण अहो, अणू आणि लष्कर हे दोन शब्द तुमच्या नावाशेजारी कशाला हवेत? कार्ड येऊ द्या. मग हव्या तेवढ्या सह्या करा."

बायको वेगळं म्हणाली. "करायची नसेल सही तर तसं सांग त्यांना. ते दुसरं कुणी बघतील."

"नाही कसं म्हणू? सहा आठवडे त्यांच्या टेबलावर बसून कॉफी प्यायलोय."

"मग कर."

"बघतो."

"हे 'बघतो' मला नको सांगूस. मला कळतं त्याचा अर्थ काय ते."

तिला कळत होतं. आमच्याकडच्या कुणालाही कळलं असतं. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. बघतो, करतो, जरा सवड मिळू दे म्हणायचं. दुसऱ्या खेपेला समोरचा ओळखतो, राग मानत नाही आणि दुसरा माणूस शोधतो. कुणाचाच मान जात नाही. मी कर्नलशी नेमकं तेच केलं. डिसेंबरात म्हणालो, करतो, फक्त एकदा शेवटचं तपासतो. जानेवारीत म्हणालो, तिसऱ्या बाडात दोन ठिकाणच्या वेळा जुळत नाहीयेत, बघतो. त्या जुळत होत्या. मी ते इंग्रजीत बोलत होतो आणि समोरचा माणूस इंग्रजीतच ऐकत होता. करतो म्हणजे करणार. ते प्रत्येक वेळी म्हणत, "घाई नको. बरोबर हवं." आणि घरात जात.

मार्चमध्ये फोन आला. मी ऑफिसातून नुकताच आलो होतो. तोच माणूस, पण आवाज बारीक झालेला. नंबर कर्नलनी दिला म्हणाला.

"एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"आकडे जुळत नाहीयेत का?"

"का? असं का वाटलं?"

"कॅप्टन म्हणतात तुम्ही फार बारकाईने तपासताय. चार महिने झाले. नाव आहे असं ते म्हणतात, पण त्यांना कुठे दिसतं? मला वाटलं माझं नाव नसेल आणि तुम्हाला सांगायला जड जात असेल." मग घाईने म्हणाला, "मी होतो हो तिथे. पंखाखाली मीच असायचो, मी सगळ्यांत बुटका. साबणाचं पाणी बाहीतून काखेपर्यंत जायचं. हे मी रचलेलं नाही."

त्याचं नाव तीन पानांवर होतं. मला पानांचे क्रमांक पाठ होते: एकतीस, अठ्ठावन्न, शहाण्णव.

"तुमचं नाव आहे," मी म्हटलं.

"आहे?"

"आहे. तीन ठिकाणी."

त्याने मोठा श्वास सोडला. "मग राहिलंय काय?"

"थोडं तपासायचं," मी म्हटलं. "होईल."

"थँक यू," तो म्हणाला. "तुमच्यासारखं कुणी करत नाही."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं कोण होतं. मी म्हटलं, ऑफिसचं. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

त्यानंतर मी कर्नलना टाळू लागलो. कचऱ्याचा डबा त्यांच्या आधी बाहेर ठेवायचा, गाडी लावली की सरळ आत. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, तरी मी वाकून जात असे. मे महिन्यात वकीलबाईंचं स्मरणपत्र आलं, जुलैत दुसरं. मी दोन्ही ड्रॉवरमध्ये ठेवली. एका इमिग्रेशन वकिलाला अर्ध्या तासाची फी देऊन विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं की या सहीने काही होत नाही. तेही मी केलं नाही. विचारलं असतं आणि काही होत नाही असं उत्तर आलं असतं, तर मग सही करावी लागली असती.

शुक्रवारी, १७ सप्टेंबर २००४ला, कार्ड टपालाने आलं. घरात शिरा झाला. मुलगी म्हणाली, "सो वी आर स्टेइंग?" आणि उत्तराची वाट न बघता मैत्रिणीला फोन करायला गेली. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि कर्नलच्या दारावर टकटक केली.

नोटरी पार्सलच्या दुकानात बसत असे. सह्या व्हायला सात मिनिटं लागली. २९ नोव्हेंबर ते २० सप्टेंबर म्हणजे दोनशे शहाण्णव दिवस, आणि काम सात मिनिटांचं. परत येताना गाडीत मी कर्नलना सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण मुद्दा सांगितला: तपासण्यासारखं काही नव्हतं, मी कार्डाची वाट बघत होतो, मला भीती वाटली.

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना कडेचं दिसे म्हणून ते माणसाकडे बघताना मान वळवत. त्यामुळे ते माझ्याकडे बघताहेत की बाहेर, हे मला कळेना.

"भीती वाटली हे मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण तू डिसेंबरात नाही म्हणाला असतास तर आमच्या चर्चमधल्या टायपिस्टबाईने आठवडाभरात करून दिलं असतं. ती मागेच लागली होती. मी तिला सांगितलं, माझा माणूस करतोय."

"हो."

"त्याची मुलगी नोकरी सोडून घरी बसली. तुला माहीत होतं?"

"नाही."

"ऑगस्टच्या एकतीस तारखेला."

घर आलं. उतरताना दार धरून म्हणाले, "मी पाच माणसांपुढे एक आकडा लिहिला तेव्हा माझ्यावर माझ्या वरच्या माणसाचा दट्ट्या होता. हे मी पन्नास वर्षं स्वतःला सांगतोय. काही उपयोग होत नाही. तुला होतो का बघ."

अर्ज ४ ऑक्टोबर २००४ला दाखल झाला. तो माणूस फेब्रुवारीत गेला, मुलीच्या घरी, पुढच्या खोलीत. कर्नलना त्याच्या अंत्यविधीला मी गाडीने नेलं. दोन तासांचा रस्ता. तिथे मी मागच्या बाकावर बसलो आणि कुणाशी बोललो नाही.

जूनमध्ये मंजुरी आली. अर्जापासून आठ महिने आणि काही दिवस. तेच आठ महिने डिसेंबर २००३च्या सुरुवातीपासून मोजले की ऑगस्ट २००४चा मध्य येतो. मी हा हिशोब वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिला आहे. टपालाचे दिवस वाढवून, सुट्ट्या धरून, सरकारी दिरंगाई जास्त धरून. माझ्या बाजूने यावा म्हणून मी प्रामाणिक प्रयत्न केला. फार ओढलं तर त्याच्या मुलीने नोकरी सोडली त्या तारखेपुढे पंधरा-वीस दिवस जातात, तेवढी रजा तिला मिळाली असती. त्याच्या मरणापुढे तर कुठल्याही रीतीने जात नाही.

त्याच्या मुलीने आभार मानायला फोन केला. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. म्हटलं, उशीर तपासणीमुळे झाला नाही, माझ्या सहीमुळे झाला, आणि सही कशामुळे राहिली तेही सांगितलं. फोनवर टीव्हीचा आवाज येत होता. तिने तो बंद केला.

"डॅड शेवटपर्यंत सांगायचे," ती म्हणाली, "की तो इंडियन माणूस एकेक आकडा तीनदा तपासतो."

मग तिने विचारलं:

"मग तुमचं कार्ड आलं?"

"आलं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिचा सूर कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिने पैशांचं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. वडील हयात असते तर सगळी रक्कम त्यांच्या हातात आली असती आणि त्यांनी नर्स ठेवली असती. ते नसल्यामुळे कायद्याने मुलांत सारखे भाग पडले. एकूण तीन मुलं. थोरल्या मुलाला, टेक्सासात, पंचवीस हजार डॉलर. मधल्याला, ओरेगॉनमध्ये, पंचवीस हजार. त्याने त्यातले चार हजार बहिणीला पाठवले. आणि तिला, जिने नोकरी सोडली होती, पंचवीस हजार.